पंगुनीतलं हस्त नक्षत्र: १५ पैशांच्या एका तिकिटाचं प्रकरण

मुलगी आठवीतली. नाशिक रोडला राहते. शनिवारी दुपारी माझ्याकडे पाच-सहा मुलं आपापली तिकिटं घेऊन बसतात, त्यांतली ती एक. मिश्र तिकिटांच्या एका पाकिटातून तिच्या वाट्याला १९६६ सालचं १५ पैशांचं एकरंगी तिकीट आलं. त्यावर नाव होतं कंबर. बाकीची मुलं हसली, कारण मराठीत कंबर म्हणजे काय ते सगळ्यांनाच ठाऊक. ती हसली नाही. तिनं विचारलं, "काका, हे कोण?"

तमिळमध्ये रामकथा रचणारा हा कवी, नाव कंबन. शेवटचा 'र' आदराचा. तमिळमध्ये एखाद्याला मानानं हाक मारायची तर नावाचा 'न' जाऊन 'र' येतो. आपण तुकारामाचा तुकोबाराय करतो, तशातलाच प्रकार. हे कळल्यावर खोलीतलं हसू थांबलं आणि त्या तिकिटाला एकदम वजन आलं. त्याच आठवड्यात तिनं ठरवलं की शाळांच्या प्रदर्शनासाठी एक फ्रेम करायची, कंबनवर.

एक फ्रेम म्हणजे १६ पानं. पानं साधारण ए-फोर मापाची. त्यांवर तिकिटं, पाकिटं, शिक्के आणि मोजका मजकूर. विषयवार संग्रहाच्या मोठ्यांच्या विभागात १०० पैकी ३५ गुण मांडणीला, ३० ज्ञानाला, ३० तिकिटांची स्थिती आणि दुर्मिळतेला असतात. सजावटीला फक्त ५. मुलांना हे पटवणं फार अवघड जातं. त्यांचा अर्धा जीव रंगीत कडांत अडकलेला असतो.

तिची पहिली फ्रेम दिसायला सुरेख होती. पहिल्या पानावर कंबनचं तिकीट. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरात 'जन्म ११८०, मृत्यू १२५०'. पुढची चौदा पानं रामायणाची: १९५२चं तुलसीदासांचं तिकीट, १९७०चं वाल्मीकींचं, २०१७ साली निघालेली रामायणाची ११ तिकिटं, आणि अधूनमधून मारुतीची चित्रं. परीक्षकांनी बक्षीस दिलं नाही. पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहून ठेवले.

११८० कशावरून?
१९६६ का?
कंबर कुठे आहेत?

ती रडवेली झाली. ती पानं मी आधी पाहिली होती आणि ठीक आहेत म्हणून पाठ थोपटली होती, त्यामुळे चूक तिच्याइतकीच माझी. पुढचे तीन महिने आम्ही त्या तीन प्रश्नांमागे काढले. ते कसे गेले ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण जुन्या कवींची तिकिटं जमवणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न कधी ना कधी गाठतात.

११८० कशावरून?

कुठल्याशा तक्त्यातून उतरवलेला आकडा होता तो. कंबनच्या जन्माची नोंद नाही. परंपरेनं जे सांभाळलंय ते इतकंच: गाव तिरुवळुंदूर, म्हणजे आजचं तेरळुंदूर, कावेरीच्या खोऱ्यात मयिलाडुदुरैजवळ. आश्रयदाता तिरुवेण्णैनल्लूरचा सडैयप्प वळ्ळल. समाधी शिवगंगै जिल्ह्यात नाट्टरसन्‌कोट्टै इथं. आणि एक सुटा श्लोक. त्यात सांगितलंय की शके ८०७ मध्ये, पंगुनी महिन्यात, हस्त नक्षत्राच्या दिवशी कंबननं श्रीरंगमच्या रंगनाथापुढे आपली रामकथा प्रथम ऐकवली. तमिळमध्ये त्याला अरंगेट्रम म्हणतात. ग्रंथ विद्वानांसमोर वाचून मान्य करून घ्यायचा, मगच तो जगाचा. श्रीरंगमच्या देवळात या प्रसंगाच्या नावाचा मंडप आजही दाखवतात.

शके ८०७ म्हणजे साधारण इ.स. ८८५. मग ११८० कुठून आलं? हा श्लोक कंबनचा स्वतःचा नाही, मागाहून कुणीतरी रचलेला. शिवाय कंबनच्या रचनेवर 'जीवक चिंतामणी' या जैन महाकाव्याची छाया अभ्यासकांना दिसते, आणि तसं असेल तर नववं शतक फार लवकरचं होतं. दंतकथा त्याला ओट्टक्कूत्तर या चोळ दरबारच्या कवीचा समकालीन करतात, आणि ओट्टक्कूत्तर बाराव्या शतकातला. म्हणून बरेच जण कंबनला तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या, म्हणजे ११७८ ते १२१८च्या आसपास बसवतात. दोन मतांत तीनशे वर्षांचं अंतर आहे.

मी तिला ज्ञानेश्वरीचा शेवट काढून दाखवला. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें.' सालही सांगितलं, लेखनिक कोण तेही सांगितलं. आपल्याला ही सवय लागलेली असते. म्हणून दुसऱ्या भाषेतल्या कवीलाही आपण घाईघाईनं जन्मसाल चिकटवतो. तिनं दुसरं पान फाडलं नाही, नव्यानं लिहिलं: एका बाजूला श्लोकाचं मत, दुसऱ्या बाजूला बाराव्या शतकाचं, आणि दोहोंची कारणं. जन्म-मृत्यूची ओळ गेली. त्या पानाला पुढे सगळ्यात जास्त गुण मिळाले.

१९६६ का?

हा प्रश्न मला सोपा वाटला होता. तो तसा निघाला नाही.

त्याच वर्षीची इतर तिकिटं आम्ही टेबलावर मांडली. २६ जानेवारीला लालबहादूर शास्त्रींचं, ते त्याच महिन्याच्या ११ तारखेला गेले होते. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकरांचं, ७५वी जयंती. ९ मे रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, जन्मशताब्दी. प्रत्येकाला आपापलं निमित्त आहे. कंबनच्या तिकिटाची तारीख ५ एप्रिल, आणि कॅटलॉगमध्ये पुढे नुसतं 'तमिळ कवी'. शताब्दी नाही, जयंती नाही. असणार कशी? जन्मसालच नाही.

इथे आम्हाला शेजारच्या काकूंनी हात दिला. त्यांचे यजमान देवळालीच्या तोफखान्यात, आणि माहेर शिवगंगै जिल्ह्यातलं. मुलीनं त्यांना श्लोकातलं 'पंगुनी अत्तम' वाचून दाखवलं. अत्तम म्हणजे हस्त. काकू म्हणाल्या, "अगं, तो तर आमच्याकडचा कंबन विळा." विळा म्हणजे उत्सव. सा. गणेशन यांनी १९३९ साली कारैकुडीला कंबन कळगम ही मंडळी उभी केली आणि तेव्हापासून हा उत्सव दर वर्षी होतो. पंगुनीतली मघा, पूर्वा, उत्तरा ही तीन नक्षत्रं कारैकुडीत, आणि चौथ्या दिवशी, हस्तावर, सगळे नाट्टरसन्‌कोट्टैला समाधीपाशी जातात. तान्ह्या बाळाच्या जिभेला त्या समाधीची माती लावतात, म्हणजे बाळाला विद्या येते, असं काकूंच्या आईनं त्यांना सांगितलेलं. त्यांनाही लावली होती.

मुलगी घरी गेली नाही. तशीच वाचनालयात गेली आणि शके १८८८चं जुनं पंचांग मागितलं. ५ एप्रिल १९६६, मंगळवार. चैत्र पौर्णिमा, आपल्याकडे हनुमान जयंती. नक्षत्र हस्त. सूर्य मीन राशीत, म्हणजे तमिळ सौर पंचांगानं पंगुनी महिना. त्या वर्षीच्या पंगुनीत हस्त तेवढ्या एकाच दिवशी येत होतं.

हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. जन्मतारीख नसलेल्या कवीचं तिकीट काढायचं तर दिवस कुठला धरायचा? ज्या दिवशी त्याचं काव्य पहिल्यांदा लोकांनी ऐकलं, तो. मला हे फार योग्य वाटतं. कवीचा जन्म त्याच्या आईच्या घरी झाला तो दिवस घरच्यांचा. पहिल्यांदा ऐकला गेला तो दिवस आपल्या सगळ्यांचा. वर्षाबद्दल पंडितांची तीनशे वर्षांची ओढाताण चालू राहो. नक्षत्राबद्दल कुणाचंच भांडण नाही.

सालाची बाजू मात्र नुसत्या नक्षत्रानं सुटत नाही. १ ऑक्टोबर १९५२ला संत आणि कवींची सहा तिकिटं एकदम निघाली होती: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. मोठी माणसं, पण त्यांत विंध्याच्या दक्षिणेचं कुणीच नव्हतं. तमिळही नाही, मराठीही नाही. तमिळ कवी तिरुवळ्ळुवर १९६०ला आले, कंबन १९६६ला. आपले नामदेव १९७०ला, ज्ञानेश्वर १९९७ला, तुकाराम २००२ला. हा क्रम पाहून मुलीचा चेहरा उतरला. "तुकोबांना इतकं थांबवलं?" मी काय सांगणार. तिकिटांच्या क्रमात देशाची नजर कुठे आधी जाते ते दिसतं, आणि ती नजर हळूहळू दक्षिणेकडे वळली.

ती वळली तो काळ मद्रास राज्यात तापलेला होता. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची मुख्य राजभाषा व्हायची होती. त्याविरुद्ध त्या राज्यात विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली. त्यानंतर सव्वा वर्षानं केंद्राच्या टपाल खात्यानं तमिळच्या कविचक्रवर्तीचं, म्हणजे कंबनचं, तिकीट काढलं. एकामुळे दुसरं झालं असं मी लिहू दिलं नाही, कारण तसा कागद आमच्या हाती नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच पानावर असाव्यात हा आग्रह धरला.

खुद्द तमिळ मुलखातही कंबन सगळ्यांचा लाडका नव्हता. १९४३ साली सी. एन. अण्णादुराई यांनी कंब रामायण जाळावं की नाही यावर तमिळ विद्वान रा. पि. सेतुपिळ्ळै यांच्याशी जाहीर वाद घातला होता, जाळावं या बाजूनं. द्रविड चळवळीला रामकथा हे उत्तरेचं ओझं वाटत होतं. तेच अण्णादुराई १९६७ला मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९६८मध्ये मद्रासला दुसरं जागतिक तमिळ संमेलन भरलं, तेव्हा मरीनाच्या किनाऱ्यावर तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, इळंगो, भारती या तमिळ कवींच्या रांगेत कंबनचाही पुतळा उभा राहिला. रामकथेबद्दलचं मत बदललं म्हणून तसं झालं असेल असं मी मानत नाही. ज्यानं तमिळ भाषा इतकी उंच नेली त्याला भाषेच्या रांगेतून वगळणं शक्यच नव्हतं, असं मला वाटतं. तिकीट त्या दोन टोकांच्या मधलं आहे, आणि म्हणूनच १९६६ हा आकडा महत्त्वाचा.

मुलीनं या सगळ्याला दोन ओळी दिल्या. मी सहा दिल्या असत्या. पण फ्रेम तिची.

कंबर कुठे आहेत?

खरा प्रश्न हाच. १६ पानांत कंबनची ओळ एकही नव्हती. 'वाल्मीकी रामायणाचं तमिळ भाषांतर करणारा' एवढ्यावर तिनं त्याला संपवलं होतं, आणि मीही ते तसंच जाऊ दिलं होतं. हे वाक्य किती चुकीचं आहे ते त्याच्या ओळी वाचल्यावर कळलं.

ग्रंथाचं त्यानं दिलेलं नाव 'रामावतारम'. सहा कांडं, दहा हजारांवर पद्यं. आरंभीच तो म्हणतो, क्षीरसागराचं नाव ऐकून एखादं मांजर तो सगळा चाटून संपवायला निघावं, तसा मी ही कथा सांगायला निघालोय. हे ऐकून मुलीची आजी चटकन म्हणाली, "माउलींची टिटवी." पहिल्या अध्यायात ज्ञानेश्वर स्वतःला चोचीनं सागर मोजायला निघालेल्या टिटवीची उपमा देतात, ते तिला आठवलं. एकानं दुसऱ्याचं वाचलेलं नाही. नम्रतेला दोघांनी समुद्रकाठी नेलं आणि एकाच्या हाती मांजर लागलं, दुसऱ्याच्या टिटवी. या पानाचं श्रेय आजीचं.

कंबननं कथेत जागोजागी आपला हात फिरवलाय. रावण सीतेला पळवतो तो तिला स्पर्श न करता, पर्णकुटीच जमिनीसकट उचलून. लंकेहून परतलेला मारुती रामाला पहिला शब्द सांगतो तो 'कंडनेन', पाहिलं. सीतेचं नाव नंतर. आधी नाव उच्चारलं असतं तर पुढचा शब्द येईपर्यंतच्या क्षणात रामाचा जीव टांगणीला लागला असता. तेवढाही क्षण मारुतीनं जाऊ दिला नाही. मी हे सांगत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून काम थांबवून मुलीची आई दाराशी येऊन उभी राहिली.

पण फ्रेम जिथे फिरली ती जागा अरण्यकांडातली. राम, सीता, लक्ष्मण पंचवटीला पोहोचतात आणि त्यांना गोदावरी दिसते. कंबन तिथे थांबतो आणि एक अख्खं पद्य तिला देतो. शेवट असा: 'सान्‌ड्रोर कवि एनक् किडन्द कोदावरियिनै वीरर् कंडार.' थोरांच्या कवितेसारखी पसरलेली गोदावरी वीरांनी पाहिली.

काकूंनी एकेक शब्द उलगडला आणि आम्ही वहीत मराठी लिहीत गेलो. प्रत्येक शब्दाला दोन तोंडं आहेत, एक नदीकडे, एक कवितेकडे. नदी 'पोरुळ' देते: पोरुळ म्हणजे संपत्ती, आणि आशयही. मुलगी म्हणाली, "म्हणजे अर्थ!" बरोबर. मराठीतला अर्थही धन आणि आशय दोन्ही सांभाळतो. तिच्यात 'तुरै' आहेत: पाण्यात उतरायचे घाट, आणि काव्यातले विषयही. तिला 'ओळुक्कम' आहे: वाहणं, आणि वागणं. यावर आम्ही बराच वेळ अडलो. मग आजी म्हणाली, "वळण." नदीला वळण, पोराला वळण. याहून चांगला शब्द मला आजतागायत सुचलेला नाही.

नदी पाच 'तिणै' ओलांडते, असंही त्या पद्यात आहे. जुन्या तमिळ काव्यात जगाचे पाच प्रदेश मानतात: डोंगर, रान, शेतजमीन, समुद्रकिनारा आणि रखरखीत वैराण भूमी. प्रत्येकाची वेगळी भावना, वेगळी कविता. डोंगराची भेटीची, किनाऱ्याची झुरण्याची. नाशिकच्या पोरीला हे शिकवावं लागलं नाही. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी तिच्या सहलीचा. पैठण आजीच्या वारीचं, जिथे एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं. पुढे नांदेड, पुढे राजमहेंद्री, आणि १४६५ किलोमीटरवर बंगालचा उपसागर. तिनं नकाशा काढला आणि नदीच्या काठानं पाच तिणैंची नावं देवनागरीत लिहिली.

आता छपाईचं. हा मुद्दा पहिल्या फ्रेममध्ये नव्हता याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. देशाची टपाल तिकिटं त्या काळी एकाच जागी छापली जात: इंडिया सिक्युरिटी प्रेस, नाशिक रोड. १९५२च्या त्या सहा कवींपासून तिथे फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे छायाचित्रावरून कोरलेल्या साच्यानं छापायची पद्धत सुरू झाली होती. ज्या कवीनं पंचवटीच्या गोदावरीला कवितेची उपमा दिली, त्याचं तिकीट पंचवटीपासून आठ-दहा किलोमीटरवर छापलं गेलं. मुलीच्या शाळेची रिक्षा रोज त्या प्रेसच्या भिंतीवरून जाते.

हे तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. तिकीट चिमट्यानं उचललं, मागची बाजू पाहिली, पुन्हा ठेवलं.

दुसरी फ्रेम

नावच बदललं: 'कंबन: हस्त नक्षत्र ते गोदावरी'. तुलसीदास आणि वाल्मीकी राहिले, पण तुलनेच्या एकाच पानावर. २०१७ची सगळी तिकिटं गेली, ती काढताना तिला फार जड गेलं. पंचांगाच्या पानाची छायाप्रत आली. तिकिटावरचा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला आहे, कंबनचं समकालीन चित्र उपलब्ध नाही, ही ओळ पहिल्याच पानावर आली. तमिळमधली म्हण आली: कंबनच्या घरची दावणीची मेखही कविता म्हणते. एक अख्खं पान पद्यातल्या दोन तोंडांच्या शब्दांना दिलं, समोरासमोर दोन रकाने, नदी आणि कविता.

पुढच्या प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं. परीक्षक वेगळे होते, शेरा पुन्हा खरा होता: साहित्य फार साधं, टपालात प्रत्यक्ष फिरलेलं काहीच नाही. १९६६मध्ये साध्या पत्राला १५ पैसे लागत, म्हणजे हे एक तिकीट लावून हजारो पत्रं गेली असणार. त्यांतलं एक पाकीट, शक्यतो तमिळ गावाचा शिक्का असलेलं, ती अजून शोधते आहे.

तोवर तिनं दुसरं काही केलं. या वर्षी पंगुनीच्या आधी स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट तिनं काकूंच्या आईकडे पाठवलं. त्या आजींनी ते हस्ताच्या दिवशी नाट्टरसन्‌कोट्टैच्या टपाल कार्यालयात नेऊन शिक्का मारून घेतला. नऊ दिवसांनी पाकीट नाशिक रोडला आलं. शिक्का एका बाजूनं फिसकटलाय, पण गावाचं नाव आणि तारीख वाचता येते. ते आता पंधराव्या पानावर आहे.